४,२९,४९,६७,२९७ : एका दहा अंकी संख्येची पूर्ण तपासणी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवून येते, म्हणजे २^३२ + १. (या लेखात ^ ही खूण घातासाठी वापरली आहे.) फ्रान्सच्या पिअर द फर्माने १६४० मध्ये असे मत मांडले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी जी मालिका चालते तिच्यातली प्रत्येक संख्या मूळ असते. मालिकेचा नियम साधा आहे. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दर वेळी दुप्पट करायचा आणि येणाऱ्या संख्येत १ मिळवायचा. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. आपली संख्या सहावी. क्रमांक शून्यापासून मोजण्याची पद्धत असल्यामुळे तिला पाचव्या क्रमांकाची फर्मा संख्या म्हणतात.

आपल्याकडे सिद्धता नसल्याचे फर्माने स्वतःच कबूल केले होते. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाखने तरुण ऑयलरला या मताबद्दल विचारले आणि १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर जाहीर केले: ही संख्या ६४१ ने भागली जाते. प्रश्न ९२ वर्षे तसाच राहिला होता. या प्रकरणात बघण्यासारखी गोष्ट अशी की संख्येच्या ज्या एका गुणधर्मामुळे ती फुटते, त्याच गुणधर्मामुळे ती आजच्या संगणकी चाचणीतही मूळ असल्याची बतावणी करू शकते. म्हणून तपासणी शेवटपर्यंत करू.

पहिली चाळणी

शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+२+९+४+९+६+७+२+९+७ = ५९. ती ३ ने जात नाही, म्हणून ३ बाद. ९ ने भागल्यावर बाकी ५ उरते. ही ५ लक्षात ठेवा, ती पुढे दोनदा लागणार आहे. ११ साठी उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-वजा केले की −१७ येतात, म्हणजे बाकी ५. ११ ही बाद.

असेच पुढे जायचे ठरवले तर कुठवर जावे लागेल? संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ पेक्षा केसभरच जास्त आहे आणि ६५,५३६ च्या आत ६,५४२ मूळ संख्या आहेत. संख्या मूळ निघाली असती तर हे सगळे भागाकार करावे लागले असते. प्रत्यक्षात ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. फक्त चिकाटीने, २ पासून एकेक मूळ संख्या घेत भागत गेलेल्या माणसालाही ११६ व्या भागाकाराला उत्तर मिळाले असते. दोन-तीन दिवसांच्या कामापेक्षा हे जास्त नाही.

शोधाची जागा आटवणे

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ राहते (म्हणजे प ला एक कमी). दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात घेत गेले की प च्या हिशेबात ६४ व्या घाताला पहिल्यांदा १ बाकी येते. त्याआधी का नाही? आधी आली असती तर तो घातांक ६४ चा विभाजक, म्हणजे ३२ किंवा त्याला भागणारा असता. मग ३२ व्या घातालाही बाकी १ आली असती, आणि तिथे तर −१ आहे.

आता फर्माचाच छोटा सिद्धान्त लावायचा: २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प−१ हा ६४ च्या पटीत हवा. निष्कर्ष असा की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. इतर कुठेही तो सापडणार नाही.

६४ च्या पटीत १ मिळवून येणारी यादी ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशी आहे. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. भागून पाहिले तर आपल्या संख्येच्या बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०. पाचव्या भागाकाराला काम झाले. ऑयलरने १७३२ मध्ये नुसता अवयव दिला. त्यामागची ही मांडणी त्याने पुढे सविस्तर लिहिली. फर्माच्या हातात छोटा सिद्धान्त १६४० मध्येच होता. हत्यार त्याचेच होते, फक्त या संख्येवर ते नीट चालवले गेले नाही.

फ्रेंच गणिती ल्युकाने १८७८ मध्ये चाळणी आणखी बारीक केली. प हा ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असेल तर ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ असते, आणि अशा मूळ संख्येच्या हिशेबात २ हा स्वतः कुणाचा तरी वर्ग असतो. त्या 'कुणाच्या तरी' घातांचे चक्र ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८ लांबीचे होते. म्हणून प−१ हा १२८ च्या पटीत हवा. आता यादी उरली १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. तिच्यातल्या मूळ २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही मालिकेतलीच आधीची फर्मा संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो (कारण खाली, शेजाऱ्यांच्या भागात आहे). ६,५४२ उमेदवारांतून सुरुवात करून पहिलाच प्रयत्न ६४१ चा!

आठ अंकी कॅल्क्युलेटरवर

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर दहा अंक बसत नाहीत. अशा वेळी संख्या तोडून भागायची. शेवटचे पाच अंक बाजूला काढा: ४२,९४९ आणि ६७,२९७.

४२,९४९ ला ६४१ ने भागा. भागाकार ६७, कारण ६४१ × ६७ = ४२,९४७, आणि बाकी २. ही २ उरलेल्या पाच अंकांच्या डोक्यावर ठेवा: २,६७,२९७. याला ६४१ ने भागा: बरोबर ४१७, बाकी शून्य. भागाकार जोडताना दुसरा भाग पाच अंकी ठेवायचा, म्हणून ६७ पुढे ००४१७. उत्तर ६७,००,४१७. मधल्या दोन शून्यांचे मूळ इथे आहे. घाईत ती गाळून ६७,४१७ लिहिणे ही या रीतीतली नेहमीची चूक. बोलून पाहिले की चूक पकडता येते: 'सदुसष्ट लाख चारशे सतरा' यात हजार नाहीतच.

पडताळा: ६७,००,००० × ६४१ = ४,२९,४७,००,०००. ४१७ × ६४१ = २,६७,२९७. बेरीज ४,२९,४९,६७,२९७. नऊच्या बाकीनेही तपासा. ६४१ ची अंकबेरीज ११, बाकी २. ६७,००,४१७ ची २५, बाकी ७. २ × ७ = १४, बाकी ५. वर लक्षात ठेवलेली ५ जुळली.

कॅल्क्युलेटरही नको असेल तर घातांच्या बाक्यांवरून पाहता येते. २^१६ म्हणजे ६५,५३६; ६४१ × १०२ = ६५,३८२; बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६ आणि ६४१ × ३७ = २३,७१७. एकच कमी! म्हणजे २^३२ ची बाकी −१, आणि १ मिळवला की शून्य.

त्याहून सुंदर वाट ६४१ च्या दोन रूपांतून जाते. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. मग −२^३२ ची बाकी १. एकही मोठा भागाकार न करता सिद्धता पूर्ण झाली.

दुसरा अवयव मूळ आहे का

इथे पुष्कळ जण थांबतात, आणि ते चूक आहे. ६७,००,४१७ पुढे फुटू शकते का हे पाहायलाच हवे. तिचे वर्गमूळ २,५८८ च्या थोडे पुढे. तिचा मूळ अवयव मूळच्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तोही १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच हवा. २,५८८ च्या आत अशा २० संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागल्यावर बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. चार भागाकारांत सिद्ध झाले की ६७,००,४१७ मूळ आहे. स्वतः ती १२८ × ५२,३४७ + १ आहे, म्हणजे नियमातही बसते.

यादी करताना १,५३७ (२९ × ५३), १,७९३ (११ × १६३), १,९२१ (१७ × ११३), २,१७७ (७ × ३११) आणि २,५६१ (१३ × १९७) या संख्या दिसायला मूळ वाटतात. त्यांनी भागले तरी काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो. एखादी खरी मूळ संख्या सुटली तर मात्र सिद्धता अपुरी राहते.

अवयवांवरून मिळणारे गुणधर्म

विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि संख्या स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९ भरते. ती संख्येपेक्षा फारच कमी, म्हणून ही न्यून संख्या. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. एकही अवयव दोनदा येत नाही. द्विमान पद्धतीत १, मग एकतीस शून्ये, मग पुन्हा १, असे ३३ अंक.

दोन वर्गांच्या बेरजेचा भाग मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. ६५,५३६² + १² हे रूप व्याख्येतूनच येते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने फार तर एकाच प्रकारे लिहिता येते. दुसरा प्रकार सापडला की संख्या संयुक्त ठरली. इथे दुसरा प्रकार आहे:

६२,२६४² + २०,४४९² = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

(२०,४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे.) या दोन रूपांवरून अवयवसुद्धा काढता येतो. मोठ्या पदांची वजाबाकी ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२, लहान पदांची २०,४४९ − १ = २०,४४८; दोघांचा मसावि ८. आता बेरजा: १,२७,८०० आणि २०,४५०, मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५. ४² + २५² = १६ + ६२५ = ६४१. उरलेला अवयवही दोन वर्गांचा आहे: २,५५६² + ४०९² = ६५,३३,१३६ + १,६७,२८१ = ६७,००,४१७. दुसरे रूप शोधणे कष्टाचे असते; पण ते एकदा हाती आले की पुढचे काम शाळेतल्या मसावीचे.

चाचणी फसते ती कशी

मोठी संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी संगणक सहसा अवयव शोधत नाही. २ चा (संख्या − १) इतका घात घेतो आणि बाकी १ येते का ते पाहतो. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर बहुधा मूळ.

आपल्या संख्येत एक कमी केला की २^३२ उरतो. वर पाहिलेच की २ चा ६४ वा घात घेतला की बाकी १ येते. २^३२ हा तर ६४ च्या पटीत आहेच, म्हणून चाचणीची बाकी १. संख्या उत्तीर्ण! मिलर-राबिन ही कडक चाचणी २ या आधारावर लावली तरी निकाल तोच, कारण पाच वेळा वर्ग केला की नेमका −१ येतो आणि चाचणीला तेच हवे असते. मालिकेतली प्रत्येक फर्मा संख्या २ च्या आधारावर अशीच पास होते, मूळ असो वा नसो. २^३२ ची बाकी −१ या एका ओळीनेच अवयवाचा पत्ता दिला होता, आणि तीच ओळ इथे संख्येला लपवते.

उपाय म्हणजे आधार बदलणे. ३ घ्या आणि ३२ वेळा वर्ग करत जा. शेवटची बाकी ३,०२,९०,२६,१६० येते, १ नाही. संयुक्त असल्याचे तिथेच कळते. गणना मधे कुठे चुकली का हे पाहायला या बाकीला ६४१ ने भागा: ५३१ उरले पाहिजेत. फर्मा संख्यांसाठी पेपँने १८७७ मध्ये दिलेली कसोटीही ३ या आधारावर चालवता येते: इथे ३१ वेळा वर्ग करून −१ येतो का ते बघायचे. या आकाराच्या संख्यांसाठी व्यवहारात २, ७ आणि ६१ हे तीन आधार वापरावेत. ४,७५,९१,२३,१४१ पेक्षा लहान कोणत्याही संख्येत मिलर-राबिन या तिघांवर मिळून चुकत नाही. नुसत्या २ वर भरवसा ठेवणारा प्रोग्राम लिहू नये.

दुसरी फसगत साठवणुकीची. ३२ बिटांच्या चिन्हरहित जागेत ० ते ४,२९,४९,६७,२९५ एवढेच मावते. आपली संख्या तिथे टाकली की वरचा बिट गळून १ उरतो. 'दोनापेक्षा लहान असेल तर मूळ नाही' ही अट लिहिली नसेल तर प्रोग्रामला विभाजक सापडत नाही आणि तो १ लाच मूळ म्हणून मोकळा होतो. म्हणजे दोन चुका एकावर एक चढून फर्माचे मत खरे ठरवतात. संख्या ६४ बिटांत ठेवली पण विभाजक ३२ बिटांतच राहिला तर आणखी वेगळी भानगड: विभाजक ६५,५३६ झाला की त्याचा वर्ग शून्य दिसतो आणि 'वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांब' ही अट कधीच पुरी होत नाही. आपल्या संख्येवर हा दोष उघडा पडत नाही, कारण ६४१ लाच प्रोग्राम थांबतो. म्हणून सोबत ४,२९,४९,६७,३११ ही संख्या द्यावी. २^३२ नंतरची ती पहिली मूळ संख्या आहे आणि सदोष प्रोग्राम तिच्यावर हमखास अडकतो.

एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत बाकी काढणारे सूत्र या संख्येला ३२ किंवा त्याहून लहान भाजकाने भागताना त्रुटी दाखवत असे, कारण भाजक गुणिले १३,४२,१७,७२८ ही त्याची मर्यादा होती. ६४१ ला ते बरोबर शून्य देते.

शेजारी

दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ आहे, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. म्हणून त्या पाचांपैकी कुणाचाही अवयव आपल्या संख्येलाही भागत असेल तर तो २ ला भागला पाहिजे, आणि संख्या तर विषम. वर २५७ बाद केली ती यामुळे.

गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपासने काढता येते हे दाखवले. विषम बाजूंसाठी अट अशी की बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार हवी. ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, आणि ज्ञात विषम संख्यांत ती सर्वांत मोठी. फक्त दोन बाजू जास्त असलेली आपल्या संख्येची आकृती काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नव्हे. पुढची, सहाव्या क्रमांकाची फर्मा संख्या १८८० मध्ये लांद्रीने फोडली, आणि पाचव्यापासून बत्तिसाव्या क्रमांकापर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत.

देवळालीची कसोटी

डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्येला विचारलेला प्रश्न वेगळा होता. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर नवी संख्या जन्मते: १५ + ६ = २१. पण २० अशी कुठूनच जन्मत नाही. अशा संख्यांना स्वयंभू किंवा देवळाली संख्या म्हणतात. ४,२९,४९,६७,२९७ स्वयंभू आहे का?

दहा अंकांची बेरीज फार तर ९०, म्हणून जनक संख्या असलीच तर ती मागच्या ९० संख्यांत असणार. ही जागाही आटवता येते. जनकात तिची अंकबेरीज मिळवणे म्हणजे नवाच्या हिशेबात जनकाची दुप्पट. ती बाकी ५ हवी (लक्षात ठेवलेल्या ५ चा हा दुसरा उपयोग), म्हणून जनकाची आणि तिच्या अंकबेरजेची बाकी ७. अंकबेरीज ७, १६, २५, ३४, ४३, ५२, ६१, ७०, ७९, ८८ यांपैकीच. ९० चे दहा झाले.

त्या दहांचे पहिले सात अंक सारखेच, ४२९४९६७, बेरीज ४१. शेवटचे तीन अंक अनुक्रमे २९०, २८१, २७२, २६३, २५४, २४५, २३६, २२७, २१८, २०९, आणि प्रत्येकाची बेरीज ११. म्हणजे दहाही उमेदवारांची अंकबेरीज ५२ च. मागणी ५२ ची आहे ती फक्त सहाव्याकडे: ४,२९,४९,६७,२४५ + ५२ = ४,२९,४९,६७,२९७. संख्या स्वयंभू नाही, आणि तिची जनक ही एकटीच आहे.